पाण्याच्या आधी निवडलेली जागा

भाद्रपद अर्ध्यावर आला की आमच्या भागातला पाऊस वेगळा होतो. दुपारपर्यंत ऊन तावून काढतं, मग ढग दाटतात आणि येतानाच्या पावसानं जे दिलं नसेल ते हा परतीचा पाऊस देऊन जातो. किंवा देत नाही. उडीद-मूग काढून झालेले असतात, सोयाबीन पिवळं पडू लागतं, ओल्या काडाचा आंबूस वास रस्त्याला लागून असतो. उमरग्याच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या खिडकीशी माझं टेबल आहे. हायवेवरचे ट्रक ओल्या डांबरावरून जाताना कापड फाडल्यासारखा आवाज करतात. गेल्या वर्षी या दिवसांत मी ती खिडकी बंद ठेवली होती. या वर्षीही ती बंदच होती, तेव्हा वहिनीचा फोन आला.

“वन्सं, पानी आलंय.”

“कुठवर?”

“होडीपत्तुर. बिरूमामा सांगून गेले. सुटीचं बघा, आन् या. जागेवर न्ह्यायची हाय तिला.”

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र हातातलं पुस्तक कुठल्या फळीवरचं ते मला आठवेना. दादाची होडी पाण्यावर यावी म्हणून एक आख्खा पावसाळा मी आकाशाकडं बघत काढला होता. आणि आता ती आलीय म्हटल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की वहिनीच्या नजरेसमोर ती मोकळी तरंगता कामा नये.

हे नीट सांगायचं तर त्या पावसाळ्यापासून सांगावं लागेल.

माझा थोरला भाऊ नौदलात होता. आमच्या गावातून समुद्रावर गेलेला तो एकटाच. तिथून सुटल्यावर दक्षिणेत समुद्राला लागून असलेल्या एका मोठ्या सरोवरावर, हौशी लोकांच्या शिडाच्या नौका सांभाळायचं काम त्यानं पुष्कळ वर्षं केलं. वहिनी अधूनमधून तिकडं जाऊन राही, पण घर आणि शेत इथं, जळकोटपासून आत असलेल्या गावात. दुखणं कळलं तेव्हा ते यकृतभर पसरलेलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पावसाळा धरा.” एवढंच. मी त्या दोन शब्दांचा अर्थ किती तरी प्रकारे लावून पाहिला.

दादा घरी आला तो वैशाखात, आणि त्याच्या मागोमाग एका ट्रकमधून होडी आली. बैलगाडीच्या दुप्पट लांब, पांढरा रंग पिवळा पडलेला, डोलकाठी आडवी बांधलेली. तिच्या मालकानं ती मोडीत काढली होती, दादानं मागून घेतली. हायवेवरून गावाकडं वळताना ट्रकमागं पोरं धावत होती. चावडीपाशी कुणीतरी विचारलं, “तात्या, हे काय? आन् पानी कुठाय?”

“पानी मागनं येतंय,” दादा म्हणाला. “त्याला ट्रक मिळाला न्हाय.”

लोक हसले, तोही हसला. मी त्याचा शर्ट बघत होते. खांद्यांवर तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता.

गावाशेजारचा, ओढ्यावर बांध घालून केलेला तलाव तेव्हा नावापुरता होता. मधल्या ओढ्याच्या पात्रात एक हिरवट डोह, आणि त्याच्याभोवती तडकलेला काळा गाळ, पार काठाच्या मुरमापर्यंत. त्या गाळात लोक काकड्या-टरबुजं लावतात, पाणी हटेल तसं खाली सरकत जातात आणि पाणी चढलं की वर येतात. दादाला अशा तलावात होडी बांधायची जागा निवडायची होती. आणि ती पाणी येण्याआधी निवडायची होती, कारण होडी धरून ठेवणारा दगड कोरड्यातच ठेवावा लागणार होता.

दगड आम्हाला गावाबाहेर सापडला. जुन्या काळी चुना मळायची घाणी होती तिथं, तिचं दगडी चाक, मधोमध भोक असलेलं. कुणाच्या उपयोगाचं नव्हतं आणि ट्रॅक्टरशिवाय हलणारं नव्हतं. “एकदा पाण्याखाली गेलं की याला देवबी सरकवणार न्हाय,” दादा म्हणाला. “म्हणून आत्ताच काय ते ठरवायचं.”

बिरूमामा तिथं मेंढरं चारत. आमच्या वडिलांच्या वयाचे, डोक्याला लाल मुंडासं. त्यांना हे सगळं अजब वाटे.

“एवढा इचार कशापायी? खुंटा ठोकायचा, दाव्यानं आवळून बांधायची. कुठं जाती?”

“मामा, रात्रीत पानी पुरुषभर चढलं तर?”

“मग?”

“मग तुमचं दावं तिची मान खाली वढून धरंल. बुडंल की ती जागच्या जागी.”

मामा विचारात पडले. बैल बांधावा तशी आखूड बांधायची, ही चूक आमच्या गावातल्या कुणीही केली असती. मीही केली असती. आमच्या बोलीत बांधण्याचे शब्द किती आहेत : दावं, कासरा, वेसण, साखळदंड. सगळे जनावर पळू नये म्हणून. बांधलेल्या गोष्टीखालची जमीनच वर-खाली होईल, हा विचार त्यातल्या एकाही शब्दात नाही.

दादा सांगे, पाणी जेवढं खोल, त्याच्या तिप्पट साखळी हवी. त्याच्याकडं होती तेवढी साखळी डोहात पुरणार नव्हती. तलाव भरल्यावर डोहावर इतकं पाणी येतं, की तिथं बांधलेली होडी दाव्यानं बांधल्यासारखीच झाली असती. ती साखळी पुरेल अशी जागा वर होती, पूर्वेच्या काठाजवळ, शेतरस्ता पाण्याला भिडतो तिथं. काठावरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलं की होडीत चढता येईल अशी. तळाचा गाळ चांगला, आजूबाजूला बाभळीचं खोड नाही. पण तिथवर पाणी यायचं म्हणजे तलाव भरायला हवा.

“देवीच्या माळंला तळं भरतंच,” बिरूमामा म्हणाले. “ह्या जागंपत्तुर येतं. म्या सोता मेंढरं धुतल्यात हितं.”

गावात ज्याला त्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं. नवरात्रापर्यंत तळं भरतं. आता वाटतं, आमच्या भागातली माणसं भरलेलं तळंच तेवढं लक्षात ठेवतात. कोरडी वर्षं कुणी सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काय असतं?

मी दादाला म्हटलं, “डोहातच बांध. आषाढातच पाणी येईल तिथं. पुढचं पुढं बघू.”

तो माझ्याकडं बघत राहिला. माझ्या बोलण्यातलं ‘पुढचं पुढं’ त्यानं ऐकलं होतं. मला वाटत होतं, त्याला चार दिवस तरी पाण्यावर बसायला मिळावं. आणि डोहाची जागा निवडणं म्हणजे नवरात्र त्याच्या वाट्याला नाही असं मोठ्यानं म्हणणं होतं.

“माले,” तो म्हणाला, “बुडणारी जागा कशी निवडू? म्या हेच काम केलंय जलमभर.”

मग त्यानं मला त्या वरच्या जागी उभं केलं, हातात दोरीचं टोक दिलं आणि दुसरं टोक धरून तो माझ्याभोवती चालू लागला. काळ्या भेगांवरून, वाळलेल्या काकडीच्या वेलांवरून, मध्येच दम खात. एका साखळीवर बांधलेली होडी एवढ्या घेरात फिरते, हे तो मला दाखवत होता. वारा येईल तिकडं तिचं तोंड. पावसाळाभर आपल्याकडं वारा मावळतीचा, म्हणजे पावसाळाभर तिचं तोंड मावळतीला, पाण्याकडं, आणि पाठ रस्त्याकडं. “लोकं म्हणत्याल तात्याची होडी रुसली,” तो म्हणाला. मी मधोमध उभी होते. त्याची सावली माझ्याभोवती सरकत होती, आणि ते वर्तुळ पूर्ण होईपर्यंत त्याला दोनदा खाली बसावं लागलं.

दगड ट्रॅक्टरनं आणून ठेवला. साखळी ओवली. होडी जुन्या टायरांवर बसवली, रस्त्याकडं तोंड करून, कारण ट्रॅक्टरनं ती तशीच आणली होती.

त्यानंतरचा पावसाळा मला एकसंध आठवत नाही. मी लांब रजा घेतली होती. मृग गेला, आर्द्रा गेल्या. पेरण्यांपुरतं पडलं. आषाढात भुरभुर लागली, घरात कपडे वाळेनात, दादाच्या अंगावरच्या चादरीला दमट वास येई. पण तो पाऊस जमिनीनं पिऊन टाकला, ओढ्याला काही आलं नाही. श्रावणात तर ऊनच पडलं. सुरुवातीला दादा मोटरसायकलवर मागं बसून तलावावर जाई. मग रिक्षातून. मग त्याला खाटेवरून उठवेना. बिरूमामा मेंढरं घेऊन परतताना दारात थांबत. “चार कासरे ऱ्हायलंय,” ते होडीपासून पाण्याचं अंतर सांगत. कासरा म्हणजे बैलाच्या दोराएवढी लांबी. पुढच्या आठवड्यातही चारच कासरे. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाच. पाणी मागं सरकत होतं.

मी नास्तिक नाही आणि फार देवभोळीही नाही. त्या दिवसांत मी जे करत होते त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. मी हवामानाच्या बातम्या ऐकायची, आणि दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मुसळधार पडल्याचं ऐकलं की मला त्या जिल्ह्याचा राग यायचा. स्वयंपाकघरात वहिनी तव्यावर भाकरी टाकून ती करपेपर्यंत दाराबाहेर आभाळ बघत उभी राहायची. आम्ही दोघी एकमेकींशी या विषयावर एक अक्षर बोलत नव्हतो.

भाद्रपद लागला तेव्हा दादाचे डोळे पिवळेजर्द झाले होते. पोट फुगलं, हातपाय काड्या. एके दिवशी सकाळी चांगली सर येऊन गेली. पागोळ्या गळत होत्या. वहिनी शेतातून आली, पदरानं तोंड पुसत खाटेशी गेली आणि म्हणाली, “आवो, आलं पानी.”

दादानं मान वळवली.

“होडीला लागलं?”

“लागलं म्हंजे? उचललीय की! तरंगती.”

मी दारात उभी होते. तळ्यात काही आलेलं नाही हे मला ठाऊक होतं, मी आदल्या संध्याकाळीच जाऊन आले होते. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिच्या पायांना गाळ नव्हता, शेतातली साधी लाल माती होती.

दादानं विचारलं, “तोंड कुणीकडं हाय तिचं?”

“तोंड?” वहिनी क्षणभर अडखळली. मग तिनं डोळ्यांसमोर होडी आणली असावी, जशी तिनं पाहिली होती तशी. “रस्त्याकडं. आपल्या घराच्या वाटंकडं तोंड करून हुभी हाय. तुमची वाट बघतीय.”

अंगणातला शेवगा वाऱ्यानं पूर्वेकडं वाकत होता. दादानं तो पाहिला. मग मला पाहिलं. मी दोरीचं टोक धरून त्या जागी उभी राहिले होते, मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. पाण्यावरच्या होडीचं तोंड त्या दिवशी रस्त्याकडं असूच शकत नव्हतं.

“चांगलं हाय,” तो वहिनीला म्हणाला. “लई चांगलं झालं.”

वहिनी आत गेली आणि मोठ्यानं भांडी घासू लागली.

त्यानंतर तो रोज विचारायचा. “आज कशी हाय?” आणि वहिनी रोज सांगायची. पाळण्यागत हलती. काल एक बगळा बसला व्हता तिच्यावर, उठंना. पोरं लांबनं खडे मारत्यात, म्या हाकललं. पानी जरा गढूळ हाय, निवळंल. जिनं आयुष्यात कधी मोठं पाणी पाहून आनंद मानला नाही, सरोवराकाठच्या त्या खोलीत जिला डास आणि दमट भिंतीच तेवढ्या दिसल्या होत्या, ती वहिनी आता पाण्याचं असं वर्णन करायची की मीही ऐकत बसायची. एकदा बिरूमामा आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, “तात्या, आवंदा पाऊस काय...” वहिनीनं त्यांच्या हातात चहाचा कप जवळजवळ कोंबला. मामा जुने गृहस्थ, कपातून वर बघून त्यांनी ओळखलं.

“...काय झालाय म्हनता!” त्यांनी वाक्य वळवलं. “तुमची होडी तर आक्षी आगबोटीगत पळती.”

दादा हसला. त्या महिन्यात त्याला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. “मामा, साखळीला बांधलेली होडी पळत न्हाय.”

“न्हाय पळत. पन पळावं वाटतंय तिला, म्या बघितलं ना.”

घटस्थापनेच्या आधीच दादा गेला. पितृपक्षात गेला म्हणून बायका काहीबाही बोलल्या. तलाव त्या वर्षी भरला नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. गाळात लोकांनी हरभरा पेरला. होडी आड येत होती म्हणून दोर लावून ती काठाजवळ ओढून ठेवली. दगड आणि साखळी राहिली तिथंच, साखळीच्या टोकाला दादानं खुणेसाठी बांधलेला निळा कॅन घेऊन.

माणूस गेल्यावर मागं राहिलेल्यांकडं फार थोडं उरतं. वहिनीकडं एक गोष्ट होती, ती तिनं तेराव्यानंतर मला सांगितली आणि मग वर्षश्राद्धालाही सांगितली. “वन्सं, काय बी म्हना, होडी तरंगली म्हनून समाधानात गेले. तेवढं पुन्य मला लागलं.” मी मान हलवली. दोन वर्षं मी तेवढंच एक काम नीट केलं आहे. मला वाटे, एवढं एक तिचं तिला राहू द्यावं. आणि तळं भरलं नाही तर ते राहणार होतं.

या वर्षी भरलं.

काळी-पिवळीतून उतरले तेव्हा वहिनी फाट्यावरच उभी होती. आम्ही तलावाकडं चालत गेलो. मी पाणी पाहिलं आणि पाय थांबले. एवढं मोठं काही आपल्या गावाशेजारी असतं हे दोन वर्षांत विसरून गेले होते. मावळतीकडून वारा येत होता, बारीक लाटा मुरमावर चपचप आपटत होत्या. गेल्या वर्षीच्या हरभऱ्यावर पाणी, आम्ही चाललो त्या वर्तुळावर पाणी. दूर निळा कॅन डुलत होता. होडी काठाच्या एका खोबणीत होती, बिरूमामांनी तिला पुढून आणि मागून, दोन बाभळींना आवळून बांधलं होतं. तोंड रस्त्याकडं.

“दोन्हीकडनं जखडलीय,” मामा म्हणाले. “आता कुठं जाती?”

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, “वहिनी, इथंच राहू दे. आडोसा आहे. वारा लागत नाही.”

“ही जागा त्येंची न्हाय.”

“तिकडं दगड कितपत धरेल कोण जाणे. दोन वर्षं झाली. साखळी गंजली असेल.”

“त्येंनी ठिवलाय. धरंल.”

“वहिनी, दोन दोऱ्यांवर ती जास्त सुरक्षित...”

“वन्सं,” वहिनी म्हणाली, “असं काय करता? इतकी उन्हं त्येंच्याबरोबर तुमीच हिंडलाव की जागा हुडकत. आन् आता पानी आलं तर तुमीच नगं म्हनताव?”

मी दोऱ्यांविषयी, पाऊस वाढला तर येणाऱ्या लोंढ्याविषयी, आणखी कशाकशाविषयी बोलत राहिले. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. वहिनीनं तोवर चपला काढून ठेवल्या होत्या आणि पातळ गुडघ्यापर्यंत खोचलं होतं. बिरूमामांनी गाठी सोडल्या. त्यांनी आणि वहिनीनं होडी ढकलत, पाण्यातून चालत, कॅनपर्यंत नेली. पाणी वहिनीच्या कमरेच्या वर आलं. मी काठावर उभी राहिले, मला पोहता येत नाही. साखळीचं टोक मामांनी होडीच्या पुढच्या कडीत अडकवलं आणि दोघं बाजूला झाले.

होडी आधी तशीच राहिली. मग वाऱ्यानं तिला हळूच काठाकडं रेटलं, साखळी ताणली गेली आणि ती वळू लागली. घाई नव्हती तिला. रस्त्याकडचं तोंड तिनं बांधाकडं केलं, मग बांधाकडून मावळतीकडं, आणि पाठ आमच्याकडं करून स्थिर झाली. वहिनीनं पाण्यात पुढं होऊन तिचा काठ धरला, दोन्ही हातांनी ढकलून तिला परत रस्त्याकडं वळवलं आणि सोडलं. ती पुन्हा वळली. वहिनीनं पुन्हा वळवली. तिसऱ्यांदा ढकलताना मामा म्हणाले, “पोरी, वारं हाय ते. ऐकायची न्हाय.”

वहिनी थांबली. पाण्यात उभ्या उभ्या तिनं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं बघायला हवं होतं, मला जमलं नाही.

ती काठावर आली. ओलं पातळ पिळायचं सोडून मुरमावर बसली. मीही बसले. मामा मेंढरांकडं गेले.

“त्येंनी इचारलं व्हतं,” ती म्हणाली. “तोंड कुणीकडं हाय म्हनून.”

“हो.”

“म्हंजे त्याच दिशी त्येंला कळलं.”

“हो, वहिनी.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. त्या रडण्याची मी दोन वर्षं मनात तयारी केली होती, काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ती रडली नाही. समोर वारा पाण्यावर आठ्या पाडत होता.

“मग रोज कशापायी इचारत व्हते?” ती म्हणाली. “आज कशी हाय, आज कशी हाय. अंगात बोलायचं तरान नव्हतं. शेवटल्या दिशी बी इचारलं. म्या बगळ्याचं सांगितलं तवा डोळं मिटून आयकत व्हते.”

थोड्या वेळानं तिनं पदराचं टोक पिळलं, आणि होडीकडं बघत, अगदी हळू, मी शेजारी नाहीच अशा आवाजात सांगायला लागली, पानी निवळलंय आज, वारं हाय जरा, पाठ करून हुभी हाय.